शेवटचं पाणी विहिरीचं

१२ ऑगस्ट, मंगळवार

दिपेशचं एक वाक्य मला केवढ्याला पडलं, ते आज मांडून पाहिलं. बदलापूरच्या नीलगंध संकुलाची भाजी बंद झाली. त्यांचं बघून शेजारच्या दोन सोसायट्या गेल्या. निवडायला येणाऱ्या बायांपैकी अर्ध्या घरी बसवल्या. काढणीला आलेली मेथी गोठेवाल्याला फुकट दिली, तीही त्याने उपकार केल्यासारखी नेली. माझ्या बायकोने, कुंदाने, कालचा श्रावणी सोमवार असून शिवमंदिरात जायचं टाळलं, कारण तिथे बदलापूरच्या बायका भेटतात. आणि माझी भूक गेली. लग्नात, मयतात, संपात कधी न गेलेली भूक.

वाक्य असं होतं: "पानी मेरा साफ है, पहले इसका घर देखो."

भर मीटिंगमध्ये म्हणाला. नीलगंधमधल्या पोरांना एकापाठोपाठ टायफॉइड झाला, म्हणून सेक्रेटरी पुष्कर लिमयांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. संकुलाचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लान्ट दिपेश चालवतो. ते शुद्ध केलेलं पाणी टँकरने चामटोलीला माझ्या मळ्यावर येतं. त्यावर माझी मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर होते. ती निवडून, धुऊन, पाकिटात भरून त्याच संकुलात परत जाते. नोकरीवरून दमून आलेल्या बाईने पाकीट फोडायचं आणि थेट कढईत टाकायचं. कोथिंबीर तर कच्चीच. म्हणजे आरोपी दोनच होते, आणि दिपेशने आधी तोंड उघडलं.

दहा वर्षांची दोस्ती. माझ्या घरी पुरणपोळी खाल्लेला माणूस.

मी मोरिवलीच्या कारखान्यांत पिंपं लोटत वर आलोय. गेटवर जुड्या विकल्या, मग गाडी, मग मळा. कुणी मला मोठं केलेलं नाही, त्यामुळे कुणी लहान केलेलं खपत नाही. डायरी लिहिणं हा आपला पिंड नव्हे. पण सूड उगवायचा तर तारखा हाताशी पाहिजेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नातीला, चिमीला, ॲडमिट केलं. मुलगा-सून अंबरनाथला राहतात. ताप उतरेना म्हणून रक्त तपासलं, तर टायफॉइडच.

सहा वर्षांचं लेकरू. दर रविवारी मळ्यावर येते, पंपाखाली नाचते, पाइपाला तोंड लावून घटाघटा पाणी पिते, बायांच्या मांडीवर लोळते. जेवणाची मात्र महाहट्टी. ताटात हिरवं पान दिसलं की ताटच ढकलते. भाजीवाल्याची नात आणि बटाट्यावर जगते. अशा लेकराला दिपेशच्या गटाराने गाठलं.

सलाइन लावलेला हात बघितला. माझ्या अंगठ्याएवढं मनगट. तिथेच ठरवलं, आता नुसतं नाव धुऊन भागायचं नाही. त्याचा प्लान्ट बंद पाडायचा.

कुंदा म्हणाली, "देवाचं नाव घ्या."

"घेतो. आधी त्याचं घेतो."

१८ ऑगस्ट, सोमवार

उल्हासनगरला जाऊन आलो. कॅम्प तीनमध्ये पाणी तपासायची एक खासगी लॅब आहे. तिथे अनुया नावाची मुलगी बसते, चष्मेवाली, बोलायला चटपटीत. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, शुद्ध केलेल्या सांडपाण्यात दोन गोष्टी बघू. एक, मैल्यातले जंतू उरलेत का. दुसरं, टायफॉइडच्या कुळातले आहेत का. दिसायला पाणी कितीही नितळ असू दे, त्यावर जायचं नाही."

आवडली पोरगी. नितळ दिसणाऱ्यावर विश्वास नाही. दिपेशही नितळच दिसतो.

तिने खाकी कागदात गुंडाळलेली बाटली काढली आणि ती कशी वापरायची ते सांगायला लागली. नेमकं त्याच वेळी मागच्या बाकावर दोघं बोलत होते. एक केमिकल पुरवणारा सिंधी, दुसरा कुठल्या तरी प्लान्टचा सुपरवायझर. आणि माझ्या कानावर नाव पडलं. दिपेश.

माझे कान म्हणजे माझी शेती. कारखान्यात मशिनच्या आवाजात फोरमन ऑफिसात काय बोलतोय ते मला ऐकू यायचं. त्या जोरावरच गेटवर जुड्या विकायची परवानगी मिळवली होती. मान पोरीकडे ठेवली आणि कान मागे लावले.

"दिपेश तो हायपो लेताच नहीं अब."

"कबसे?"

"होली के बाद एक कॅन नहीं उठाया, साईं."

हायपो म्हणजे जंतू मारायचं औषध, एवढं मला कळतं. होळीपासून मारलंच नाही! आणि वर "पानी मेरा साफ है"! पुढचं काही तरी दिव्याबिव्याबद्दल बोलले, तेवढ्यात बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. नको तो तपशील. हवं ते मिळालं होतं.

"समजलं ना काका?" अनुयाने विचारलं.

"एकदम," म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नमुना घेतला. कसा, ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी शंका काढली तर उत्तर तयार.

सकाळी बाटली उघडून बघितली तर बुडाला पांढरी भुकटी! एवढी मोठी लॅब, पण बाटली धुवायचा कंटाळा. कुंदा म्हणाली, "विसळून घ्या हो. दुसऱ्याकडची वस्तू." मी पंप सुरू करून विहिरीच्या पाण्याने तीनदा खळखळून विसळली, भुकटी पार काढली, झाकणसुद्धा आतून धुतलं. आमच्यात न विसळलेल्या भांड्यात कुणी पाणी भरत नाही. दिपेशने भरलं असतं.

मग बर्फाचा डबा घेऊन दुपारी प्लान्टवर. ऑपरेटर मला ओळखतो. तो डबा उघडून जेवायला बसला होता. "काय रघुशेठ, टँकर परत सुरू?" म्हणाला. मीटिंगपासून मी तो बंद केला होता. "बघू," म्हटलं, आणि जिथून टँकर भरतात त्या नळाखाली बाटली धरली. प्लान्टमध्ये निळसर उजेडाच्या नळकांड्या लावल्यात नवीन. शोभेला पैसा आहे, हायपोला नाही.

संध्याकाळच्या आत बाटली अनुयाच्या टेबलावर.

२३ ऑगस्ट, शनिवार

सापडले! मैल्यातले जंतू आहेत. टायफॉइडच्या कुळातलेही आहेत. दोन्ही ओळींपुढे "आढळले".

अनुया जरा विचारात होती. "काका, अशा प्लान्टमधून हे येणं जरा विचित्र आहे. परत एकदा घेऊया का?"

"पोरी, सापाच्या बिळात हात घालून साप निघाला तर परत हात घालायचा नसतो."

रिक्षात बसल्यावर भूक लागली. वाटेत दोन प्लेट दाल-पकवान खाल्लं.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस चांदीच्या डबीत ठेवावा असा.

क्लब हाउसमध्ये सगळे जमले होते. दिपेश पुढच्या रांगेत, पांढरा शर्ट, पायावर पाय. लिमयांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. मग मी उठून हिंदीत सांगितला, दिपेशला एकाही भाषेत सुटका नको म्हणून.

त्याचा पाय पायावरून खाली आला. "लिमयेसाहब, ये हो नहीं सकता. मेरा हर महिने का रिपोर्ट..."

"तुम्हारा रिपोर्ट तुम्हारा," मी म्हटलं. "होली के बाद हायपो का एक कॅन उठाया? हां या ना?"

"नहीं, पर वो तो..."

"बस! साहेब, ऐकलंत? नहीं म्हणाला."

पुढचं त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. ज्यांची पोरं आजारी पडली ते बाप उभे राहून ओरडायला लागले. लिमयांची सून सई, माझी पहिल्यापासूनची गिऱ्हाईक, सगळ्यांत पुढे. "रघुकाकांना आपण उगाच बदनाम केलं," म्हणाली. प्लान्टचं कंत्राट आजपासून स्थगित. सांडपाणी उपसून न्यायला बाहेरच्या गाड्या लावणार. आणि गौरीच्या भाजीची ऑर्डर मला.

निघताना दिपेश गेटजवळ आडवा आला. "रघूभाई, एक बार बैठके बात करते हैं."

मी म्हटलं, "दिपेश, तुझ्या पाण्याचा एक थेंब यापुढे माझ्या कुंपणाच्या आत येणार नाही. सुकून मरेन, पण नाही. सांग तुझ्या उल्हासनगरच्या साईंना."

घरी येऊन हे वाक्य कुंदाला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चिमीला घरी सोडलं. अशक्त आहे, पण बटाटा मागितला.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. पहिल्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य, त्यामुळे मेथी-शेपूला सोन्याचा भाव. पहाटेपासून सगळ्या बाया हजर. घरी बसवलेल्याही बोलावल्या. टँकर बंद असला तरी पावसाने वाफे तरारलेत. प्रत्येक पान निवडून विहिरीच्या हौदात शेवटची आंघोळ घालून मगच पाकिटात. पाकिटावर छापलंयच, "शेवटचं पाणी विहिरीचं". ही आयडिया माझी. लोकांना शुद्ध केलेल्या सांडपाण्याची किळस येते, म्हणून शेवटचा हात विहिरीचा. आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे तीर्थ. तिला तपासायची गरज पडली नाही आणि पडणार नाही.

बाया हल्ली प्यायला घरून बाटल्या आणतात. सगळ्यांची मुकादम बनूबाई, तिला विचारलं, "काय गं, आमचं पाणी कडू झालं का?"

"नाय दादा, तसा काय नाय. पोरांनी बाटल्या घेतल्यान, म्हनून."

फॅशन. यांच्यासाठी गेल्या वर्षी मी पक्कं शौचालय बांधलं, टाइल्स लावून. विहिरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे उतारावर चिखल तुडवत जायला नको. चामटोलीत दुसऱ्या कुठल्या मळेवाल्याने बांधलंय, दाखवा. तरी पाणी घरचंच पितात.

३ सप्टेंबर, बुधवार

कबूल करतो, आज काम नसताना उल्हासनगरला गेलो. दिपेशचं मोटर-पंपांचं दुकान आहे, त्याच्या समोरच्या हॉटेलात खिडकीजवळ बसून चहा घेतला. तो गल्ल्यावर एकटा बसला होता. फोन वाजला की उचलायचा आणि उभा राहून बोलायचा. उभा राहून बोलतो म्हणजे समोरचा मोठा माणूस आणि बातमी वाईट.

शेजारच्या टेबलावर ऐकलं, अजून दोन सोसायट्या त्याचा प्लान्ट काढून घेणार. कुणी म्हणालं, "दिपेश ने तो सब पैसा नये लाइट में लगाया था. जंतू मारने का लाइट. बेचारा."

दिव्याने जंतू मरतात म्हणे! मग आमच्या देव्हाऱ्यातल्या समईने मच्छर का मरत नाहीत?

दुसरा चहा मागवला. चांगला होता.

७ सप्टेंबर, रविवार

डोक्यात कल्पना आली आहे. नवरात्राच्या आधी बदलापूर स्टेशनबाहेर मोठा फ्लेक्स लावायचा. डावीकडे दिपेशच्या पाण्याचा रिपोर्ट, लाल अक्षरांत. उजवीकडे आमच्या विहिरीच्या पाण्याचा, हिरव्यात. मध्ये माझा हात जोडलेला फोटो. खाली: "फरक तुम्हीच बघा."

दिपेश रोज त्याच रस्त्याने जातो. रोज बघेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

लिमयांच्या सईला ताप. त्यांच्या विंगमध्ये आणखी दोघांना. लिमयांचा फोन आला होता, आवाज कोरडा. "रघुनाथराव, प्लान्ट तर बंद आहे. मग आता हे कुठून?"

मी म्हटलं, "साहेब, जुनं विष आहे. पाइपात साचलेलं उतरतंय."

ते "हं" म्हणाले. मला त्यांच्या "हं"चा आवाज आवडला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

फ्लेक्ससाठी दोन्ही पाण्यांचे नमुने घ्यायला अनुयाला बोलावलं. फ्लेक्सवर लॅबने स्वतः घेतलेला नमुना म्हटलं की वजन पडतं. ती आधी प्लान्टवर गेली. लिमयांनी ऑपरेटरला सांगून प्लान्ट थोडा वेळ चालवून दाखवायला लावला. मग ती मळ्यावर आली.

मी पाहुणचारात कमी पडलो नाही. तिने पिशवीतून बाटली काढली, मी पटकन घेतली, कागद सोडला आणि पंपाखाली धरली.

"काका! काय करताय?"

"विसळतोय."

"कशाला?"

"अगं, तुमच्या बाटलीत भुकटी असते बुडाला. मागच्या वेळीही होती. मी तीनदा धुऊन घेतली तेव्हा कुठे गेली."

तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "मागच्या वेळी धुतलीत. कशाने?"

"याच पाण्याने. दुसऱ्या कशाने धुणार?"

तिने वहीत काही तरी टिपून घेतलं. स्वच्छतेचं कौतुक वाटलं असावं. दुसरी बाटली काढली, मला हातही लावू दिला नाही. पंपाचं तोंड लायटरने भाजलं, पाणी बरंच वाहू दिलं आणि मग भरून घेतली. नंतर शौचालयाकडे बराच वेळ बघत होती. मी टाइल्स दाखवल्या. तिने विचारलं, "याचा शोषखड्डा कुठे आहे?" दाखवला. ती तिथून विहिरीपर्यंत सावकाश चालत आली, खाली बघत.

"काका, तुमची नात आजारी होती ना? ती ही भाजी खाते?"

"छे, हिरव्याला शिवत नाही."

"मग?"

मी म्हटलं, "मग काय?"

चहा न घेताच गेली. घाईत असावी.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस ते "मग" डोक्यातून जात नाहीये.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अनुयाने लॅबवर बोलावलं. दोन कागद समोर ठेवले.

दिपेशच्या पाण्यात काही नाही. दोन्ही ओळींपुढे "आढळले नाहीत".

विहिरीच्या पाण्यात दोन्ही आहेत.

मी आधी म्हटलं, कागदांची अदलाबदल झाली असेल. मग म्हटलं, दिपेशने तुला गाठलं. तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "काका, ती बाटली जंतुमुक्त करून दिलेली असते. ती भुकटी घाण नव्हती. पाण्यात क्लोरीन असेल तर त्याचा असर थांबवायला आम्ही ती मुद्दाम घालतो. तुम्ही ती काढलीत आणि आपल्या विहिरीचे जंतू आत घातलेत. पहिला रिपोर्ट तुमच्या विहिरीचा होता. आणि तुम्हाला मी हे बाटली देताना सांगितलं होतं. उघडू नका, विसळू नका, दोनदा सांगितलं."

"आणि हायपो? होळीपासून एक कॅन..."

"त्यांनी अतिनील दिवे बसवलेत. त्याला हायपो लागत नाही."

पावसात जमिनीत पाणी चढतं, खड्ड्यातलं वरच्या अंगाने विहिरीत पाझरतं, हे तिने कागदावर काढून दाखवलं. मला चित्राची गरज नव्हती. उताराला पाणी कुठे जातं हे शेती करणाऱ्याला कळतं. शौचालय बांधताना नाही कळलं.

"पहिला रिपोर्ट मला मागे घ्यावा लागेल," ती म्हणाली. "सोसायटीला कळवणं भाग आहे. रविवारपर्यंत थांबते. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं."

१८ सप्टेंबर, गुरुवार

कुणाला सांगितलं नाही. कुंदालाही नाही. भाजी धुवायला गुपचूप कॅनचं पाणी मागवलं. बायांना सांगितलं, पंपाची मोटर जपायची आहे. म्हणजे यापुढे माझ्या भाजीतून कुणाला काही होणार नाही. मग उघड बोलायची एवढी घाई कशाला?

खरं लिहितो. पहिला रिपोर्ट अजून लिमयांच्या फाइलीत आहे. पोरीला समजावता येईल. पाऊस थांबला की खड्डा हलवू, विहीर उपसू, आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. दिपेशला परत त्या क्लब हाउसमध्ये पायावर पाय टाकून बसलेला बघायचं, आणि समोर मी उभा. ते माझ्याने बघवणार नाही. टायफॉइडपेक्षा मला ते भारी वाटतं. लिहिल्यावर वाचून बघितलं. असंच आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज सून चिमीला घेऊन मळ्यावर आली. पोर महिनाभर कोंडून होती, गेटातून सुटली ती वासरासारखी. मी वाफ्यात होतो. बनूबाईशी हिशेब चालला होता, आणि मागे कुठे तरी पंप सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

चिमी पाइपाला तोंड लावत होती.

माझं वय आणि वजन बघता मी कसा पोचलो माहीत नाही. हात उठला आणि फाडकन तिच्या तोंडावर बसला. पोर चिखलात पडली. ओठ फुटला. जन्मात तिला बोट लावलं नव्हतं. ती रडली पण नाही, नुसती बघत राहिली.

"थुंक! थुंक आधी! गिळलंस का? सांग, गिळलंस?"

सून धावत आली. बाया उभ्या राहिल्या. कुंदाने चिमीला उचललं आणि माझ्याकडे वळली. "अहो, काय आहे त्या पाण्यात?"

मी पंपाचं बटण बंद केलं.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"मंगळवारपासून."

"आणि मला नाही सांगितलंत. हिला पंपाशी जायला कुणी अडवलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं. "दिपेशभाऊंचं नाक कापायला आपलं पोर पणाला लावलंत होय?"

बनूबाई मागून हळूच म्हणाली, "दादा, पान्याला वास येतंय, ते आमी आपापसात बोलायचो."

"मग मला का नाही बोललात?"

"तुमी तवा दिपेशशेठवर लई तापलेले. म्हटला, आपल्यावर नको यायला."

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. लिमयांना फोन करून मीटिंग मागितली आणि दिपेशलाही बोलवा म्हटलं. सगळ्यांसमोर दिपेशच्या प्लान्टला लावलेलं कुलूप सगळ्यांसमोरच काढावं लागतं.

उभं राहून सांगितलं. बाटली, विहीर, खड्डा, सगळं. मंगळवारपासून माहीत होतं हेही सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. सई आली नव्हती, अजून अंथरुणात आहे. तिचा नवरा उठून गेला. एका बापाने मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात चूक काही नव्हती. भाजी बंद. विहिरीचे तीन रिपोर्ट लागोपाठ स्वच्छ आल्याशिवाय माझं पाकीट गेटच्या आत येणार नाही. दिपेशचं कंत्राट परत.

मी वाट बघत होतो. आता दिपेश उठेल, पायावर पाय टाकेल, "पहले अपना घर देखो" म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तो उठला. माझ्यापाशी आला. "चिमी कैसी है?"

"ठीक आहे."

"भाभी को बोलना, पानी उबाल के पिए. और वो गड्ढा आज ही बंद कर. मेरा आदमी भेजता हूँ, खाली कर देगा."

बस. एवढंच. एक शब्द जास्त नाही.

घरी येईपर्यंत अंगाची लाही झाली. दोन शिव्या घालायच्या, लोकांसमोर पाणउतारा करायचा, तर माणूस हिशेब चुकता करून मोकळा होतो. हा चिमीची चौकशी करून गेला! आता आयुष्यभर हे वागवायचं. हे मी विसरणार नाही, दिपेश. तुझी पाळी येईल तेव्हा मीही तुझ्या पोराबाळांची अशीच चौकशी करीन, बघ.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिपेशच्या माणसाने खड्डा उपसला आणि शौचालयाला टाळं घातलं. नवीन खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, चांगला लांब खणायचा, असं अनुयाने सांगितलंय. तोवर बायांना घरचं शौचालय वापरू दे म्हणून शेजारच्या शेतकऱ्याच्या पाया पडलोय. चिमी फोनवर बोलत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पाऊस गेला. ऊन कडक आहे, वाफे पिवळे पडायला लागले. विहीर बंद. अनुयाशी बोललो, ती म्हणाली, भाजी विकायची नसली तरी वाफे जगवायला शुद्ध केलेलं पाणी चालेल, तिने तपासलेलं.

सकाळी टँकर आला. दिपेशच्या प्लान्टचा. गेट मीच उघडलं.